चौबगला

अमळनेरच्या आमच्या घरी ओसरीवर आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन असे, आणि तयार झालेला कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ती त्याच्याकडून एकच गोष्ट करवून घेत असे. कपडा अंगात घालून माणूस समोर उभा राहिला की ती चष्म्यावरून बघत म्हणे, "हात वर करी दखाड." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे पंधरा दिवस तर ओसरी सालदारांनी भरलेली असे, कारण आमच्याकडे सालदाराचे साल आखाजीला बदलते आणि नव्या सालाच्या बोलीत मालकाने बंडीचे कापड द्यायचे ठरलेले असते. एकेक गडी नवी बंडी घालून संकोचाने उभा राहायचा, दोन्ही हात आभाळाकडे उचलायचा, आणि आई त्याच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त काखेकडे बघायची. कापड कंबरेपाशी वर ओढले गेले किंवा बगलेत ताणले गेले, तर बंडी परत मशीनवर यायची.

या बगलेत ती तळहाताएवढा एक चौकोनी तुकडा तिरका बसवीत असे. त्याला चौबगला म्हणतात. बाही आणि अंग यांच्या सांध्यात हा तुकडा नसेल, तर कपडा उभ्या माणसाला नीट बसतो, पण त्याने कुदळ उचलली की फाटतो. लहानपणी मला तो तुकडा कुरूप वाटायचा. शाळेतल्या मुलींच्या झग्यांना तो नसायचा, आणि आईने माझ्या झग्याला घातला की मी रुसायचे. पुढे जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना अंतराळवीरांच्या पोशाखाबद्दल जे जे वाचत गेले, त्यात मला हा तुकडा पुन्हा पुन्हा भेटत राहिला, म्हणून हे लिहायला बसले.

वर्गात निर्वाताचा धडा आला की मी एक प्रयोग दरवर्षी करते. दवाखान्यात वापरतात तसा रबरी हातमोजा घ्यायचा, त्यात नावापुरती हवा ठेवून मनगटाशी गच्च बांधायचा आणि तो मलूल मोजा काचेच्या हंडीखाली ठेवून पंप सुरू करायचा. हंडीतली हवा कमी होऊ लागली की मोजा हळूहळू अंग धरतो, बोटे एकेक करून उभी राहतात, आणि मिनिटाभरात पाच बोटांचा टणक फुगलेला पंजा आशीर्वाद दिल्यासारखा उभा राहतो. मुले हसतात. मग मी विचारते, की या मोज्यात तुमचा हात असता तर मूठ वळता आली असती का? हसणे थांबते. मोज्यात नवी हवा आलेली नसते. बाहेरून दाबणारी हवा गेलेली असते, एवढेच. अंतराळयानाबाहेर काम करणाऱ्या माणसाचा पोशाख म्हणजे हाच मोजा, फक्त डोक्यापासून पायापर्यंत.

१८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव व्होसखोद-२ या यानातून बाहेर पडला, तेव्हा माणसाने पहिल्यांदाच अंतराळात उंबरठा ओलांडला. तो बाहेर होता तो जेमतेम १२ मिनिटे, पाचेक मीटरच्या दोरीला बांधलेला. तेवढ्या वेळात त्याचा पोशाख असा फुगला की बोटे हातमोज्यांच्या टोकांतून आणि पावले बुटांतून मागे सरली, आणि मांडीपाशी लावलेल्या कॅमेऱ्याच्या कळीपर्यंत त्याचा हात पोहोचेना. यानाच्या अरुंद कप्प्यात परत शिरणेही जमेना. शेवटी त्याने पोशाखातला दाब स्वतःच थोडाथोडा कमी केला, ठरल्याप्रमाणे पायांकडून शिरण्याऐवजी डोक्याकडून आत घुसला, आणि दार लावण्यासाठी त्या बोळकांडीत घामाघूम होत उलटा फिरला. दाब कमी करणे म्हणजे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची जोखीम पत्करणे. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर जे होते ते स्वतःच्या नसांत घडू शकते, हे ठाऊक असताना त्याने ती तोटी फिरवली. तो पोशाख जीव राखण्यात कुठेही कमी पडला नव्हता. गळत नव्हता, फाटला नव्हता. तो अंगावर घालून हात वर करता येत नव्हता, हा त्याचा दोष होता.

पुढच्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या जेमिनी-९ मोहिमेत यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिला आणि थकून हैराण झाला. पोशाख ताठ, पाय रोवायला जागा नाही, आणि एक खिळ फिरवायला जावे तर खिळीऐवजी आपणच फिरतो, असा सगळा प्रकार. घामाच्या वाफेने काच आतून धुरकट झाली, तेव्हा नाकाच्या टोकाने घासून त्याने बघण्यापुरती फट केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेमिनी-१२ मध्ये बझ ऑल्ड्रिनने तेच काम निगुतीने केले, कारण त्याने त्याचा सराव पाण्याखाली केला होता आणि यानावर पाय अडकवायला पट्ट्या व धरायला दांड्या बसवल्या होत्या. आजही अंतराळवीर ह्यूस्टनच्या १२ मीटर खोल तलावात हीच उजळणी तासन्‌तास करतात. विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही हे पटेल, की पाण्यात जोर लावायचा तर आधी कपारीला पाय लागला पाहिजे.

पण पाय रोवला, तरी कोपर वाकले पाहिजे, आणि इथे शिवणकाम सुरू होते. फुगवलेली साधी नळी वाकवली की आतल्या बाजूला ती चिरमटते, आतली जागा कमी होते, हवा दाबली जाते आणि ती हवा नळीला पुन्हा सरळ करू पाहते. म्हणजे हात वाकवण्यासाठी जेवढी ताकद लागते, तेवढीच तो वाकलेला ठेवण्यासाठी लागत राहते. यावरचा इलाज असा, की सांध्याच्या जागी पेटीच्या भात्यासारख्या चुण्या घ्यायच्या, म्हणजे आतली बाजू मिटताना बाहेरची उघडते आणि आतली जागा जवळपास तेवढीच राहते. अपोलो मोहिमांच्या पोशाखांत कोपर, गुडघे आणि खांदे याच युक्तीने बनवले होते. रबराच्या चुण्या आणि त्यांना आवर घालणारे कापड. जागा देणे आणि आवर घालणे या दोन्ही गोष्टी एकाच सांध्यात साधायच्या, हे चौबगल्याचेच काम.

हे पोशाख शिवले कुणी, हे मला कळले तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षे झाली होती, आणि त्या संध्याकाळी मी मुद्दाम आईला फोन केला. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात डोव्हर नावाच्या गावी बायकांची आतली वस्त्रे बनवणारा एक कारखाना होता, प्लेटेक्स या नावाने त्याचा माल विकला जाई, आणि चंद्रावर जाणाऱ्या माणसांचे पोशाख शिवण्याचे काम त्याच कंपनीच्या शाखेने मोठमोठ्या संरक्षण कंपन्यांशी स्पर्धा करून मिळवले. का मिळवले, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. शरीराला घट्ट बसेल आणि तरी हलू देईल असे काहीतरी रबर आणि कापडातून बनवण्याचा ज्यांना रोजचा सराव होता, त्यांचा पोशाख अधिक लवचिक ठरला. एकवीस थरांचा तो पोशाख शिलाई मशीनवर बसून बायकांनी शिवला. टाका इंचाच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकाही रेघेबाहेर गेलेला चालत नसे. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आनि टाचन्या?"

तिने हेच विचारावे, याला कारण होते. मी सातवी-आठवीत असताना गल्लीतल्या एका बाळाच्या बारशाचे झबले शिवताना तिच्या मशीनची सुई मोडली. सुई मोडते, त्यात नवल नाही. पण टोकाचा तुकडा सापडेना. आईने जमीन झाडली, मशीनचा तळ पालथा केला, बॉबिनची डबी उघडून दात घासायच्या जुन्या ब्रशाने कोपरे साफ केले, आणि मग वडिलांनी मोडीत काढलेल्या रेडिओच्या कर्ण्यातला लोहचुंबक काढून ते एवढेसे झबले ती शिवणीशिवणीवरून चाचपत बसली. रात्रीचे अकरा वाजले. शेवटी तिने झबल्याच्या सगळ्या शिवणी उसवल्या, कापड बाजूला टाकले आणि घरातल्या वायलाचे नवे झबले कापायला घेतले. तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीच्या फरशीच्या सांध्यात चमकला. बाळाच्या आईला यातले काहीही कधी कळले नाही.

डोव्हरच्या बायकांना टाचण्या जपून, मोजून वापराव्या लागत, आणि तयार झालेले थर क्ष-किरणांखाली धरून आत एखादी विसरलेली टाचणी नाही ना, हे बघितले जाई. बाकीच्या सगळ्या गोष्टींना आई हं हं करीत होती. हे मी सांगितले तेव्हा मात्र ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, की बरोबर करतात.

अपोलोच्या काळात प्रत्येक अंतराळवीराचे माप घेऊन त्याच्यासाठी तीन पोशाख शिवले जात: एक सरावाचा, एक प्रत्यक्ष मोहिमेचा आणि एक राखीव. पुढे स्पेस शटलच्या जमान्यात माणसे वाढली, फेऱ्या वाढल्या आणि ही चैन परवडेना. मग छातीचा कडक भाग, बाह्या, पायांचे भाग, हातमोजे असे सुटे भाग ठरावीक मापांत बनवून प्रत्येकाला जुळवून देण्याची पद्धत आली. थोडक्यात, शिवून घेण्याचे दिवस जाऊन रेडिमेड आले. अमळनेरच्या बाजारपेठेत हेच झाले तेव्हा आईचे निम्मे गिऱ्हाईक गेले, म्हणून या बदलाकडे मी फारशा तटस्थपणे बघू शकत नाही, हे कबूल करते. पण रेडिमेडची अडचण अंतराळातही लपली नाही. मार्च २०१९ मध्ये ॲन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कोक या दोघी मिळून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर जाणार होत्या. बाहेर जाणारी ती पहिली केवळ स्त्रियांची जोडी ठरली असती. आधीच्या फेरीत मॅक्लेनला अनुभवाने कळले की तिला छातीचा मध्यम मापाचा भागच नीट बसतो, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत त्या मापाचा एकच भाग तयार होऊ शकत होता. तिने स्वतः माघार घेतली, तिच्या जागी निक हेग गेला. ती जोडी अखेर १८ ऑक्टोबर २०१९ ला बाहेर पडली, कोक आणि जेसिका मीर. बातम्यांतून या प्रकारावर बरीच चेष्टा झाली. मला मात्र त्यात मॅक्लेनचा शहाणपणा दिसला. नेमके माप नसलेला कपडा घालून सात तास कष्टाचे काम करू नये, हे आमच्या ओसरीवरच्या कुठल्याही सालदाराने सांगितले असते.

आता उकाड्याबद्दल थोडे लिहिते, कारण खान्देशात राहून त्याबद्दल न लिहिणे अशक्य आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि आम्ही माठ, कूलर आणि डोक्याचा ओला रुमाल यांच्या आधाराने दुपार काढतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर दर ९० मिनिटांत एक दिवस आणि एक रात्र होते. उन्हात पडलेल्या पत्र्याचे तापमान १२० अंशांपर्यंत चढते आणि सावलीत शून्याखाली दीडशेच्या घरात उतरते. तरीही पोशाखातल्या माणसाला अधिक भय असते ते स्वतःच्याच अंगातल्या उष्णतेचे. सभोवताली हवा नाही, म्हणजे उष्णता वाहून नेणारे कोणीच नाही. माणूस जणू थर्मासमध्ये बंद झालेला असतो आणि काम करता करता स्वतःच्या उष्णतेत शिजू लागतो. म्हणून तो अंगालगत एक जाळीदार वस्त्र घालतो, ज्यात सुमारे ९० मीटर लांबीच्या बारीक नळ्या ओवलेल्या असतात आणि त्यांतून थंड पाणी फिरत राहते. ते पाणी थंड होते कसे, हे मला सर्वांत आवडते. पाठीवरच्या पेटीत सच्छिद्र धातूची एक पाटी असते. तिच्यात थोडे पाणी सोडले की बाहेरच्या निर्वातामुळे ते गोठते, आणि तो बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडून जाताना उष्णता घेऊन जातो. माठ याहून वेगळे काही करीत नाही. पाझरायचे, उडून जायचे, आणि मागे राहिलेल्याला गार ठेवायचे.

त्याच पाण्याने एकदा घात केला असता. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचा लुका पार्मितानो बाहेर काम करीत असताना त्याला मानेमागे ओल जाणवू लागली. थंडाव्याच्या यंत्रणेतला एक भाग तुंबल्याने पाणी शिरस्त्राणात गळत होते, आणि वजनाचा प्रश्नच नसल्याने ते खाली न ओघळता चेहऱ्यावर चढले. डोळ्यांत, कानांत आणि शेवटी नाकात. सूर्य मावळला, दिसेनासे झाले, ऐकू येईनासे झाले, आणि तो आपल्या दोरीच्या ओढीचा अंदाज घेत आठवणीने दारापर्यंत परतला. आत आल्यावर शिरस्त्राणातून निघालेले पाणी सुमारे दीड लिटर होते. पाण्याच्या एका हंड्यासाठी तळपत्या दुपारी टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या भागातल्या बाईला हे सांगितले तर ती आधी अविश्वासाने बघेल, की माणूस बुडाला तर कुठे बुडाला!

एवढा सगळा जामानिमा करून हे लोक बाहेर जातात, ते करतात काय? माझ्या विद्यार्थ्यांना वाटते की ते तरंगतात. खरे तर ते दुरुस्ती करतात. सप्टेंबर २०१२ मध्ये सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांना एक खिळ बसवायची होती आणि तिच्या आट्यांत धातूचा कीस अडकल्याने ती बसत नव्हती. तेव्हा स्थानकातल्या सामानातूनच साफसफाईची हत्यारे तयार केली गेली आणि त्यात एक होता दात घासायचा ब्रश. हे वाचताना बॉबिनच्या डबीवर वाकलेली आई डोळ्यांपुढे आली. विल्यम्स यांच्या अशा नऊ फेऱ्या आणि ६२ तास ६ मिनिटे झाली आहेत, एवढी कुठल्याही स्त्रीची झालेली नाहीत. त्यांचे वडील शेजारच्या गुजरातेतले, म्हणून इकडेही त्यांचे कौतुक घरच्यासारखे होते. पण भारताचे नागरिक म्हणून पृथ्वीच्या कक्षेत गेलेले दोघे, १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला, यानाच्या आतच राहून परतले. बाहेर पाऊल टाकणे अजून व्हायचे आहे.

दुरुस्तीतली माझी सर्वांत आवडती आहे ३ नोव्हेंबर २००७ ची. स्थानकाला वीज पुरवणारा सौर पंखा उलगडताना एका जागी फाटला होता. तो बंद करता येत नव्हता, वीज चालूच होती, म्हणून धातूची हत्यारे चिकटपट्टीने गुंडाळून घेतली गेली. आत बसलेल्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि तार वापरून पाच लांबट दुवे तयार केले. त्यांना त्यांनी नाव दिले कफलिंक, म्हणजे मनगटाच्या काजातून घालायची जोडबटणे. मग स्कॉट पॅराझिन्स्की एका लांबलचक यांत्रिक हाताच्या टोकाला पाय अडकवून त्या पंख्यापर्यंत गेला, आणि एकेक दुवा एका बाजूच्या भोकातून घालून दुसऱ्या बाजूच्या भोकात अडकवीत त्याने ती फाट जोडली. सात तासांहून अधिक वेळ हे चालले होते. ज्याने कुणी फाटलेल्या ताडपत्रीला सुतळीने टाके घातले आहेत, त्याला हे काम शब्दाशब्दाने कळेल; फरक इतकाच, की इथे बोटांवर फुगलेले मोजे होते.

मोज्यांचे दुखणे अजून संपलेले नाही. प्रत्येक मूठ म्हणजे टणक चेंडू दाबण्यासारखे असते, आणि दिवसभराच्या कामानंतर काहींची नखे काळी पडतात, काहींची निघून येतात. आईच्या तर्जनीच्या नखातून मशीनची सुई एकदा आरपार गेली होती, ते नख पुढे नेहमी दुभंगलेलेच वाढले. २००७ सालीच नासाने अधिक चांगला हातमोजा बनवण्याची खुली स्पर्धा ठेवली, तेव्हा मेन राज्यातल्या पीटर होमर नावाच्या एका बेकार अभियंत्याने घरच्या जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन मांडून मोजा शिवला आणि दोन लाख डॉलर जिंकले.

आई आता अठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत मी तिला मोबाइलवर स्थानकाबाहेरच्या कामाची एक चित्रफीत दाखवली. पृथ्वी, ढग, निळा काठ यांकडे तिने क्षणभर बघितले आणि मग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ती बराच वेळ त्या पांढऱ्या आकृतीकडेच बघत राहिली. तो माणूस डोक्यावरच्या एका दांडीकडे हात नेत होता.

"हात नही, सम्दं आंग फिरी राहिनं," ती म्हणाली. आणि मग, "त्यानी बगल धरी राहिनी."

बगल धरते, हा शिंप्यांचा शब्द आहे. मी थक्क झाले, कारण नेमके हेच नासाच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. छातीचा भाग कडक असतो आणि बाही जिथे सुरू होते तिथे धातूचे गोल कडे असते. हात वर उचलताना खांद्याचे हाड ज्या तऱ्हेने सरकायला हवे, तसे ते कडे त्याला सरकू देत नाही. सरावाच्या तलावात तासन्‌तास हात वर धरून काम केल्याने अनेकांचे खांदे दुखावले, काहींवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्या कड्याला अभियंते साय बेअरिंग म्हणतात, आणि साय हा तिकडच्या शिंप्यांचा जुना शब्द आहे, बाहीच्या मुंढ्यासाठीचा. शब्द त्यांनी शिंप्यांकडून घेतला.

हे सगळे मी आईला समजावून सांगितले. तिने मोबाइल परत दिला, मांडीवरचे माझ्या भाचीच्या परकर-पोलक्याचे कापड सरळ केले, बगलेपाशी दोन बोटे माया सोडली आणि खडूची रेघ ओढली.